एल.जी.वाल्यांशी दोन हात

आमच्या कळवणात कुठल्याही प्रश्नावर किमान दोन पक्ष असतात. कांदा आज काढावा की महिनाभर चाळीत राहू द्यावा, गडावर गाडीनं जावं की पायऱ्यांनी चढावं, चहात आलं आधी टाकावं की साखर आधी, या सगळ्यांवर गावात उभी फूट आहे, आणि ती तशी असण्यातच गावाचं आरोग्य आहे. एका प्रश्नावर मात्र गाव एकदिलानं उभं असतं, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. ज्याच्या घरी परवान्याची बाराबोर आहे अशा कुणालाही विचारा, ‘रात्री-बेरात्री चोर आला तर बंदुकीत काडतूस कुठलं घालायचं?’ उत्तर ठरलेलं. ‘एल.जी.!’

हे उत्तर देताना माणूस लोडाला टेकलेला असेल तर ताठ बसतो. मिशा असतील तर हात मिशीकडे जातो. नसतील तर जिथे असायला हव्या होत्या तिथे जातो. घरातली बायामाणसं आदरानं गप्प होतात. वादच संपतो.

माझा या एल.जी.वाल्यांशी उघड दावा आहे. आणि ‘ज्यानं जन्मात बंदूक धरली नाही त्यानं बोलू नये’ हा त्यांचा हुकमी पत्ता माझ्यावर चालत नाही. माझ्याही घरी आजोबांच्या वेळची दुनळी आहे आणि वारसानं परवाना माझ्या नावावर आहे. तेव्हा हे भांडण भाऊबंदकीतलं आहे असं समजा.

आधी या एल.जी.चा अर्थ. आमच्या गल्लीतले तात्या ‘लई ग्रेट’ असा सांगतात. काहीजण ‘लार्ज गेम’, म्हणजे मोठी शिकार, असा सांगतात. तिची धाकटी बहीण एस.जी. ही नावं साहेबाची. बाराबोर हे नावही त्याचंच. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात बरोबर बसेल ती बाराबोरची नळी. मोजली तर साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास भरते. इंग्रजी मापानं एका औंसात एल.जी.चे सहा छर्रे बसतात, एस.जी.चे आठ, बी.बी.चे सत्तर, चार नंबरचे एकशे सत्तर आणि सहा नंबरचे दोनशे सत्तर. वजन तेवढंच. किलोभर बटाटे घ्या नाहीतर किलोभर मटार, तागडी तीच.

आता मोठ्या शिकारीचं म्हणाल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिचा बाजार उठला. हरणं, सांबरं सरकारच्या ताब्यात गेली. राहिलं ते फक्त नाव. आणि त्या नावावर भाळून आम्ही आपल्याच मधल्या खोलीत मोठ्या शिकारीला निघालो आहोत.

‘पण चोर येतात त्याचं काय?’ असं तुम्ही विचाराल. येतात, नाही कोण म्हणतो? २०१९च्या सप्टेंबरात, भाव चढलेले असताना, आमच्या कळवण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा लाखभर रुपयांचा साठवलेला कांदा चोरीला गेला आणि ती बातमी देशभर छापून आली. मुंबई-दिल्लीच्या लोकांना तिची गंमत वाटली. आम्हाला वाटली नाही. कांदा म्हणजे आमच्याकडे पोरीचं लग्न असतं, सोसायटीचा हप्ता असतो. ट्रंकेत पडून राहिलेल्या बंदुका अशाच वेळी बाहेर निघतात, त्यांना तेलपाणी होतं, आणि पारापारावर एल.जी.चा जयजयकार सुरू होतो. म्हणूनच म्हणतो, हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. हसत-हसत बोलण्याचा आहे, इतकंच.

एल.जी.वाल्यांचा पहिला सिद्धांत असा : बाराबोरला नेम धरावा लागत नाही. छर्रे पसरतात. नुसती त्या दिशेला धरायची आणि चाप ओढायचा, बाकी बंदूक बघून घेते.

मी हे मोजून पाहिलं आहे. शेताच्या बांधावर नव्हे. २०१९च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणानं किंवा वरातीच्या आनंदात बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मी रीतसर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन, परवानगी काढून, लग्नाच्या पत्रिका छापून उरलेले मोठे कागद उभे टांगले आणि अंतर मोजून एकेक बार टाकला. छर्रे पसरतात ते साधारण दर वाराला इंचभर, हे जुन्या शिकाऱ्यांचं गणित. नळीचं तोंड आवळतं असेल तर त्याहूनही कमी. आपली मधली खोली केवढी? बारा फूट. म्हणजे चार वार. म्हणजे चार इंच. चहाची बशी त्या भोकांवर पालथी घातली तर सगळी भोकं बशीखाली जातात!

म्हणजे घरातल्या घरात बाराबोरचा बार बशीएवढाच असतो. नेम चुकला तर अख्खी बशीच चुकते, आणि मग ती बशी कुठे जाते, हा पुढचा प्रश्न.

दुसरा सिद्धांत : काडतूस जेवढं भारी तेवढं घर सुरक्षित. चोर पुन्हा उठता कामा नये.

यावर मी दोन गोष्टी सांगतो, एक कायद्याची, एक भिंतीची. कायदा असा की, स्वतःचा जीव, दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवण्याचा हक्क तुम्हाला आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. घर बदललं, माणूस तोच. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याबद्दल कायदा बराच कडक आहे. पण जेवढी गरज तेवढीच इजा, त्यापेक्षा जास्त नाही, ही अट पहिल्यापासून आहे. नुसती चोरी, जिच्यात कुणाच्या जिवाला वा गंभीर दुखापतीला धास्ती नाही, तिच्यासाठी जीव घेण्याचा हक्क कायदा देत नाही. चार पाट्या कांदा घेऊन पाठमोऱ्या पळणाऱ्या माणसावर एल.जी. झाडणाराला ‘शूर’ फक्त पारावर म्हणतात. कोर्टात ‘आरोपी’ म्हणतात.

आता भिंत. अमेरिकेत १९८६ साली मायामीत दोन दरोडेखोरांशी चकमक झाली आणि तीत एफ.बी.आय.चे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर त्या लोकांनी गोळ्यांची परीक्षा पद्धतशीर सुरू केली. जिलेटिनची मोठी वडी करायची, खरवसाची करतात तशी, आणि तीत गोळी किती शिरते ते बघायचं. बारा ते अठरा इंच शिरली तर पास. पण नुसत्या वडीवर भागत नाही. मध्ये जाड कपडा लावतात, प्लायवुड लावतात, पत्रा लावतात, घराच्या आतल्या भिंतीचा पातळ फळा लावतात, आणि मग बघतात. का? तर माणूस काही नेहमी उघड्या मैदानात समोरासमोर उभा नसतो.

आमच्याकडे घर कसं असतं? पुढचा भाग विटांचा, नऊ इंची, गिलावा केलेला. तिथे छर्रा थांबतो. त्या भिंतीवरून टणकन मागे फिरला नाही, तर देवाची कृपा. पण मागचं दार प्लायवुडचं, न्हाणीघर पत्र्याचं, गोठ्याची बाजू कुडाची, आणि भावानं वाटणी मागितली तेव्हा घाईत उभं केलेलं मधलं पार्टिशन तर जवळपास कागदाचंच. जो छर्रा साहेबानं सांबराच्या छातीसाठी बनवला, तो या सगळ्यातून नमस्कार न करता निघून जातो. आणि पार्टिशनच्या पलीकडे वहिनी झोपलेली असते, तिची दोन लेकरं झोपलेली असतात.

कांदाचाळीचं तर विचारूच नका. ती बांधतातच मुळी वारा आरपार जावा म्हणून. खाली हवा, बाजूला फटी, जाळी. जिथून वारा जातो तिथून छर्राही जातो. चाळीच्या एका टोकाला चोर आहे असं समजून तुम्ही बार टाकलात, तर दुसऱ्या टोकाला कोण असतो? सालदार असतो. त्याची बायको असते, झोळीत पोर असतं. त्यांना एल.जी. आणि एस.जी. यांतला फरक कुणी विचारलेला नसतो.

इथे सहा नंबरवाले हळूच पुढे सरकतात. हा एक अल्पसंख्य, मवाळ पक्ष आहे. ते म्हणतात, ‘म्हणूनच आम्ही बारीक छर्रा ठेवतो. नुसतं भिववायला.’ यांचाही मी निकाल लावतो. लांबवर बारीक छर्रा दमतो हे खरं. पण चार वारांवर ते पावणेतीनशे दाणे एकमेकांना सोडून गेलेलेच नसतात. ते एकजुटीनं, एका गोळ्यासारखे जातात. कागदावर मला भोकांची रांगोळी दिसली नाही, मुठीएवढं एकच भगदाड दिसलं. भिंतीपलीकडच्याला धोका कमी, हे मान्य. समोरच्याला मुळीच नाही. ‘नुसतं भिववायला’ असं काडतूस जगात कुठल्याच कारखान्यात होत नाही. भिववायचं असेल तर पत्र्याचा डबा वाजवा.

तिसरा सिद्धांत ऐकून मात्र मला हसावं की रडावं कळत नाही. ‘काडतूस काय, कधीही उडतं!’

आपल्याकडची बरीच काडतुसं ‘शक्तिमान’ नावाची, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. कारखाना १८६९ सालचा, म्हणजे टीव्हीवरच्या शक्तिमानापेक्षा सव्वाशे वर्षांहून जुना. माल चांगला. पण तो आमच्या घरी आल्यावर आम्ही त्याचं काय करतो? ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांशेजारी, खरेदीखताच्या खाली ठेवतो. आठ-दहा पावसाळे जातात. कागदी नळकांड्याची जुनी काडतुसं ओल धरून फुगतात आणि नळीत जाता जात नाहीत. पितळी बूड हिरवं पडतं. दर दसऱ्याला ती पाटावर मांडून हळद-कुंकू वाहतो, ते बरोबर बुडाच्या टोपीवर! पुण्य लागतं, टोपी पेटेलच असं नाही.

माझ्या ओळखीच्या एका आबांकडे अशी पिढीजात काडतुसं होती. त्यांच्या नातवानं एकदा साधा प्रश्न केला, ‘आबा, हाई उडी का?’ आबा उखडले. ‘उडी ना! का नही उडी? तुना पंज्यानी ठेयेल शेत!’ पंज्यानं ठेवलंय ते उडालंच पाहिजे, हा युक्तिवाद वाड्याच्या आढ्यालाही लागू करतात आणि मग एका पावसात आढं खाली येतं.

मैदानावर मी जुन्या दहा काडतुसांपैकी दोन फुसकी निघालेली पाहिली. आणि फुसकं काडतूस हे चांगल्यापेक्षा जास्त जपून हाताळायचं असतं. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी निर्धोक दिशेलाच धरून अर्धं मिनिट तरी थांबायचं, कारण कधीकधी दारू उशिरा पेटते. बार नेहमीपेक्षा दबका झाला, तर पुढचं काडतूस घालण्याआधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड बघायचा, काही अडकलं नाही ना. आणि आजोबांच्या बंदुकीचं घर पासष्ट मिलिमीटरचं असेल, तर सत्तर मिलिमीटरचं काडतूस ‘बसतंय की!’ म्हणून घालायचं नाही. ते बसतं. उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही, दाब वाढतो, आणि जुनी नळी फाटू शकते. ही माहिती कुठल्या पारावर मिळते ते मला दाखवा. तिथे फक्त ‘एल.जी.!’ मिळतं.

आता तुम्ही बिबट्या काढाल. काढाच. नाशिक जिल्ह्यात तो उसात असतो, मक्यात असतो आणि बातम्यांत तर असतोच. १९७२चा तोच कायदा सांगतो की, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे जनावराला मारलं वा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. शेळीचा जीव त्यात धरलेला नाही. आणि मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता. म्हणजे तिथेही ‘काडतूस कुठलं’ हा प्रश्न दुसरा. ‘जीव कुणाचा धोक्यात आहे’ हा पहिला.

आणि याच पहिल्या प्रश्नाकडे एल.जी.वाले बघत नाहीत, हा माझा त्यांच्यावरचा मुख्य आरोप. आमच्याकडे रात्री अंधारातून चालत येणारा माणूस बहुतेक वेळा कोण असतो? शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की दोन वाजता मोटार सुरू करायला निघालेला शेजारी असतो. शेवटची एस.टी. चुकल्यामुळे ट्रकमधून आलेला, घरच्यांना उठवायला नको म्हणून मागच्या दारानं शिरणारा आपलाच दिवटा असतो. चैत्रात तर खानदेशातून सप्तशृंगीच्या यात्रेला निघालेले पदयात्री उन्हाच्या तडाख्यापायी रात्रीच चालतात, पाणी मागायला कुणाच्याही ओट्यावर येतात. यातल्या कुणाची ओळख छर्ऱ्याला पटत नाही. ती पटते बॅटरीच्या झोताला, आणि ‘कोण आहे?’ या दोन शब्दांना. या दोन शब्दांना परवाना लागत नाही.

गडावरच्या देवीकडेच बघा ना. अठरा हात, आणि त्यांत देवांनी दिलेली आयुधं. पण देवीमाहात्म्यातली कथा सांगते की, इंद्रानं वज्र दिलं तेव्हा त्यासोबत ऐरावताची घंटाही दिली. आयुधांच्या यादीत घंटा! माझी खात्री आहे, इंद्राला गावात राहण्याचा अनुभव होता. घंटा वाजली की वाडी जागी होते, आणि जागी झालेली वाडी हा चोराच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा छर्रा. आमच्या एल.जी.वाल्यांच्या घरी वज्र आहे. घंटा नाही, अंगणात दिवा नाही, कुत्रं आहे ते भाकरीसाठी शेजारी गेलेलं.

आता थोडं सरकारविषयी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. १९५९चा शस्त्र कायदा बारकाईनं लिहिलेला आहे. संरक्षणासाठी म्हणून जी गुळगुळीत नळीची बंदूक तो धरतो, तिची नळी वीस इंचांहून आखूड नसावी इथपर्यंत त्यात मोजमाप आहे. २०१६च्या नियमांनी अर्जदाराला सुरक्षा-प्रशिक्षण घ्यायला लावलं, हे उत्तम केलं. २०१९च्या दुरुस्तीनं माणशी तीनऐवजी दोन बंदुका केल्या आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात, जणू चोरांनाही आचारसंहिता लागू होते. पण पाच वर्षांनी नूतनीकरणाला जावं, तर फोटो बघतात, पत्ता बघतात, बंदुकीवरचा नंबर भिंगातून वाचतात. छर्रा कुठे जातो, हे कुणी विचारत नाही. ते बघायचं तर तालुक्याला जागाही नाही. स्कूटरला धुराचा दाखला लागतो, किराणा दुकानदाराच्या वजनांवर शिक्का लागतो, पिठाच्या गिरणीचा काटा तपासतात. सगळ्या गावात न तपासलेली वस्तू एकच, आणि ती बंदूक!

माझी मागणी साधी आहे. वर्षातून एक दिवस तालुक्याला चाचणीचा ठेवा. मागे मातीचा उंच बांध, देखरेखीला जाणता माणूस. ज्यानं त्यानं आपली बंदूक आणावी, आपल्या ट्रंकेतली काडतुसं आणावीत. चार वारांवर एक कागद, पंधरा वारांवर एक कागद. मध्ये एकदा पत्रा, एकदा प्लायवुड. फुसकी निघतील ती तिथेच जमा करावीत. उरलेल्यांची भोकं मोजावीत, कागदावर सही-शिक्का घ्यावा, आणि नूतनीकरणाच्या अर्जाला तो कागद जोडावा. कागद नाही तर परवाना नाही. ज्याला एवढे कष्ट नकोत, त्यानं बंदूक जमा करून टाकावी आणि त्याच पैशात अंगणात दिवा लावावा, एक भुंकणारं कुत्रं पाळावं आणि शेजाऱ्याशी बोलणं सुरू करावं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, हे मला ठाऊक आहे.

‘मग तुम्ही बंदुकीत घालता तरी काय?’ असा प्रश्न मला पारावर नेहमी होतो. मी खरं उत्तर देतो. रात्री माझी बंदूक रिकामी असते आणि कुलपात असते, काडतुसं वेगळ्या कुलपात असतात. उशाशी बॅटरी असते, दाराशी घंटा असते. वेळ आलीच तर काय घालायचं हे मी ठरवलेलं आहे, कारण माझ्या कोणत्या भिंतीतून काय जातं हे मला त्या कागदांवरून ठाऊक आहे. माझ्या मागच्या बाजूला पत्रा आहे आणि पत्र्यापलीकडे भावाची पोरं झोपतात. म्हणून माझ्या घरात एल.जी. नाही.

हे ऐकून एल.जी.वाले माझ्याकडे दयेनं बघतात आणि मिशीवर हात फिरवतात. फिरवू देत. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे : मिशी जरूर दाखवा, पण आधी कागद दाखवा.